पाच मोकळी आहे

९ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार पोचला असं धर. पत्र लिहायची सवय नाही, शाळेत पाच मार्कांसाठी लिहिलं तेवढंच. पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझा फोन ऑक्टोबरात भिंतीवर आपटून संपला, तेव्हा आपली दोघांची जोडी जमली म्हणायची.

बाबांनी तुला सगळं सांगितलंच असेल. म्हणजे त्यांच्या बाजूने. आता माझी बाजू ऐक.

मी कॉलेज सोडलेलं नाही, मला सोडायला लावलं. ऑक्टोबरात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मला बहुमताचं सर्किट आलं. तीन स्विच, एक दिवा; तिघांपैकी निदान दोघे 'हो' म्हणाले की दिवा लागायला हवा. सोपं होतं. वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी मी लावून बसलो होतो. सर हो-नाहीच्या टेबलातली एकेक ओळ तपासायला आले. पहिल्या तीन ओळी बरोबर. चौथी ओळ अशी की पहिला 'नाही', दुसरा-तिसरा 'हो'. मी स्विच टाकले, दिवा लागला. सर म्हणाले, "बाजूला हो, मला बघू दे." मी बाजूला झालो आणि दिवा गेला. मी पुढे झालो, लागला. "परत बाजूला हो." परत गेला!

निर्जीव वस्तूला कळतं का, समोर कोण उभा आहे ते? त्यांनी बोटाने तार हलवली, दुसरं काय. पहिल्या दिवसापासून माझ्यावर डूख धरून होते. मी ते तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "आवाज खाली." मी आवाजाऐवजी तारा खोचलेला ब्रेडबोर्ड खाली आणला. मग निघालो तो निघालोच.

सध्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. पंधरा जुलैपर्यंत कॉलेजात परत जाता येतं, नंतर नाव कायमचं कटतं. फॉर्मवर त्याच सरांची सही लागते. बाबा तो फॉर्म रोज माझ्या डब्याखाली ठेवतात आणि मी तो रोज तसाच परत आणतो. मी सही मागायला जाणार नाही. मला तुझ्याकडून कागद हवा आहे. तू तीस वर्षं कारखान्यात सर्किटची कार्डं टेस्ट केलीस. एवढंच लिहून दे, की चालू सर्किट कोणी मुद्दाम बिघडवल्याशिवाय माणूस बदलला म्हणून बंद पडत नाही. खाली सही कर. मी तो प्रिन्सिपॉलना पाठवतो. मग बघू कोण कोणाची सही मागतं.

तुझा
फ्यूज
(हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा तुला तेच.)


२० फेब्रुवारी

फ्यूज,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसता आवाज आला, दुसऱ्यांदा अक्षरं दिसली, तिसऱ्यांदा सर्किट.

कागद मिळणार नाही. आमच्या टेबलावर 'तपासले' असा शिक्का असायचा. आमच्यातला एक जण आधी शिक्का मारायचा आणि मग कार्ड तपासायचा. तो पुढे साहेब झाला. मी नाही झाले. निवृत्तीनंतर आता ती हौस नको.

तू लिफ्टवाला झालास हे एका परीने बरं झालं. हा सगळा विषय तीन शब्दांचा आहे, आणि ते तिन्ही तुझ्या लिफ्टमध्ये आहेत. दार बंद 'आणि' बटण दाबलेलं, तरच लिफ्ट हलते. एकाने भागत नाही. आतून बटण दाब 'किंवा' बाहेरून बोलाव, ती येते. दोन्ही केलंस तरी तिची तक्रार नसते. आणि दार उघडं असेल तर 'नाही'. आता 'की' हा चौथा शब्द, पण तो 'किंवा'चा सख्खा भाऊ नव्हे. 'पेन किंवा पेन्सिल आण' म्हटलं आणि तू दोन्ही आणलीस तर कोणी ओरडत नाही. 'चहा घेणार की कॉफी' याला 'दोन्ही' म्हणणारी माणसं असतात, पण त्यांना पुन्हा कोणी विचारत नाही. या दोहोंतला फरक आमच्या साहेबांना जाड इंग्रजी पुस्तकातून शिकावा लागला. आपण तो रोज बोलतो आणि लक्षात मात्र ठेवत नाही.

कागद हवा असेल तर आधी कागद पाठव. बहुमताचं हो-नाहीचं टेबल स्वतःच्या हाताने आख, सगळ्या ओळी. सर्किट काढ. आयसीची चिप कोणती होती ते लिही. आणि नीट आठवून सांग : तो दिवा चौथ्या ओळीला पूर्ण लागला होता की मंद?

आत्या


३ मार्च

आत्या,

तू म्हणजे बाबांचीच बहीण. सरळ उत्तर द्यायचं नाही, वर गृहपाठ द्यायचा.

टेबल आखलं. पहिल्या खेपेला सातच ओळी झाल्या. तिघेही 'नाही' म्हणतात ही ओळ मी धरलीच नव्हती. कोणी काही म्हणत नसलं तरी त्याची एक ओळ असते हे माझ्या डोक्यात राहत नाही. आता आठ आहेत.

सर्किटचं चित्र मागच्या पानावर. तीन 'आणि' आणि त्यांच्यापुढे एक 'किंवा'. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा अशा जोड्या. कुठलीही एक जोडी जमली की दिवा. दोन पायांच्या 'आणि'च्या आयसी लॅबमध्ये संपल्या होत्या, म्हणून सगळ्यांना तीन पायांच्या दिल्या. त्यात काही विशेष नाही. तिसऱ्या पायाला कायमचा 'एक' देऊन ठेवायचा, म्हणजे तो प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणत राहतो आणि आडवा येत नाही. हे पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं असतं.

दिवा जरासा मंद होता. मग? लागला होता ना!

तुला साक्षीदार हवा असेल तर होता. म्हणजे होती. शेजारच्या टेबलावर तेरा नंबर. माझा रोल नंबर चौदा, तिचा तेरा, म्हणून वर्षभर आमची टेबलं शेजारी. तिचा बोर्ड तू बघायला हवा होतास. सप्लायला लाल तार, जमिनीला म्हणजे शून्याला काळी, मधल्या सगळ्या पिवळ्या, आणि प्रत्येक तार कोपऱ्यात काटकोनात वळवलेली. माझा बोर्ड म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा. तार कापताना ती जीभ दातांखाली धरते. हे सांगायचं कारण काही नाही. तिने सगळं पाहिलं, पण तिला विचार असं मला सांगू नकोस. तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

कामावर ठीक आहे. आमच्या हेडमेकॅनिकना सगळे काका म्हणतात. काल बोलावलेली लिफ्ट येईना म्हणून मी बटण धडाधड दाबत होतो. काका म्हणाले, "लिफ्टपुढे दोन प्रकारची माणसं उभी राहतात. एक, बटण एकदा दाबणारी. दुसरा तू."

आता कागद पाठव.

फ्यूज


१४ मार्च

फ्यूज,

टेबल बरोबर. सर्किट बरोबर. चित्र अपुरं.

तुझ्या आयसीला चौदा पिना असतात. तू नऊ काढल्यास. बाकीच्या काय माहेरी गेल्या? आमच्याकडे नवीन कार्ड आलं की वहीत प्रत्येक पिनेपुढे ती कुठे जाते ते लिहावं लागे. सप्लायला, जमिनीला, अमक्या आयसीच्या तमक्या पिनेला. 'कुठेच नाही' हे उत्तर चालत नसे. सुरुवातीला मला तो जाच वाटायचा. नंतर कळलं की वहीतली रिकामी जागा आणि कार्डातली खोड बहुतेक वेळा एकाच ओळीत सापडते.

सगळ्या चौदा काढून पाठव. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं लिही. लाजू नकोस.

आणि एक शंका. सरांवर का चिडलास ते समजलं. मुलीवर का?

आत्या


२ एप्रिल

आत्या,

पिनेपिनेचा हिशोब मागतेस, मग घे.

सात जमिनीला, चौदा सप्लायला. एक-दोन पहिली जोडी, नऊमधून बाहेर. तीन-चार दुसरी जोडी, सहामधून बाहेर. अकरा-बारा तिसरी, दहामधून बाहेर. राहिले तीन तिसरे पाय. आठला 'एक' दिला, आठवतं, कारण ती तार आखूड पडली होती. तेराला 'एक' दिला, हेही आठवतं, आणि का आठवतं ते तुला सांगायला नको. पाचला दिलाच असणार. मी काय वेडा आहे?

मुलीचं विचारलंस. सांगतो, म्हणजे विषय संपेल.

परीक्षेत तिचं माझ्याआधी झालं. बोर्ड जमा करायला जाताना तिने माझ्या टेबलापाशी पाऊल जरा सावकाश टाकलं, माझ्या बोर्डाकडे पाहिलं, आणि हातातली चिठ्ठी बोर्डाखाली सरकवून पुढे गेली. संध्याकाळी पाचला भेट म्हणून. आत्या, वर्षभर मी तिच्याशी 'पक्कड दे' आणि 'पक्कड घे' यापलीकडे बोललो नव्हतो. तिने आपणहून चिठ्ठी दिली. नंतरची वीस मिनिटं मी कुठे बघत होतो असं तुला वाटतं? भिंतीवरच्या घड्याळाकडे.

भांडण झालं तीन वाजता. तरी पाचला मी सायकल स्टँडपाशी हजर होतो, साडेसहापर्यंत. शेवटी स्टँडवाला म्हणाला, "त्या ताई साडेचारलाच गेल्या. तुम्ही आता सायकल काढा, मला कुलूप लावायचंय." म्हणजे माझा तमाशा पाहिला आणि वाट बदलली. बरोबरच आहे, बोर्ड आपटणाऱ्याबरोबर कोण दिसेल? पण मग आधी बोलवायचं कशाला? फोन त्याच संध्याकाळी फुटला, म्हणजे तिने केला असता तरी लागला नसता. आणि तिने केला नसणारच.

झालं समाधान?

इथे सध्या एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टने डोकं उठवलं आहे. कोणी न बोलावता ती चौथ्या मजल्यावर थांबते, दार उघडते आणि उगाच उभी राहते. वॉचमन म्हणतो तिथे कोणीतरी वारलं होतं. काका म्हणतात, "वारलेला माणूस जिन्याने जाईल, त्याला कसली घाई?" आम्ही बटण बदललं, तार बदलली, फरक नाही.

फ्यूज


१२ एप्रिल

फ्यूज,

चौथ्या मजल्याचं भूत कार्डात असेल. काकांना कार्ड उघडायला सांग. चौथ्या मजल्याची तार जिथे आत शिरते तिथून सुरुवात कर आणि बोटाने नव्हे, डोळ्यांनी पुढे जा.

चिठ्ठी तुझ्यापाशी असणार. पाकिटात. आपल्या घराण्यातले पुरुष कागद फाडत नाहीत, फक्त वस्तू फोडतात. त्यात नेमकं काय लिहिलं आहे ते उतरवून पाठव. तुझ्या शब्दांत नको, तिच्या.

आत्या


२८ एप्रिल

आत्या,

भूत सापडलं!

काकांनी कार्ड लिफ्टच्या मशीनखोलीबाहेर उजेडात टेबलावर घेतलं, वेगळा सप्लाय जोडला. आता हे मी तुला सांगणं म्हणजे आजोळच्या गोष्टी मामाला सांगण्यापैकी आहे, तरी सांगतो. बाहेरचं बटण दाबलं की तार 'एक' होते. दाबलेलं नसतं तेव्हा ती तार हवेत लोंबकळत राहू नये म्हणून एक रेझिस्टन्स तिला शून्याला धरून ठेवतो, पण हलकाच, बटण दाबलं की सोडतो. चौथ्या मजल्याच्या रेझिस्टन्सचा एक पाय सोल्डरमधून निखळलेला होता. वरून पाहिलं तर जागच्या जागी उभा, काडीने हलवलं की डुलायचा. म्हणजे ती तार ना एक ना शून्य. आयसी बिचारी जे कानावर येईल ते खरं मानत होती.

मग गंमत झाली. मी काडी ठेवून हात जवळ नेला, नुसता जवळ, न टेकवता, तर चौथ्या मजल्याचा दिवा लागला. पूर्ण नाही, मंद. हात मागे घेतला, गेला. काकांनी हात नेला, लागला. काका म्हणाले, "तुझ्याच जातीचं आहे हे कार्ड. कोणी नुसतं जवळ आलं की पेटतंय." तो मंद दिवा मी आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण तेवढ्यात काकांनी सोल्डरिंगची कांडी हातात दिली आणि राहून गेलं.

चिठ्ठी उतरवतो. हसायचं नाही.

"पाच मोकळी आहे. विसरू नकोस."

बस, एवढंच. घाईत 'पाचला'तला 'ला' खाल्लाय. एरवी जर्नलात तिचं एक अक्षर चुकत नाही, पण परीक्षेत कोणाचंही होतं. आणि 'विसरू नकोस' म्हणणारी स्वतःच विसरली, हे बघ.

फ्यूज


६ मे

फ्यूज,

तिने 'ला' खाल्लेला नाही.

जर्नलात एक अक्षर न चुकणाऱ्या मुलीने चिठ्ठीतही एक अक्षर चुकवलेलं नाही. तू ती घड्याळाकडे बघून वाचलीस. एकदा आयसीकडे बघून वाच. मोकळी होती ती पिन.

आत्या


१ जुलै

फ्यूज,

आठ आठवडे झाले. पोस्टमन काल फाटकापाशी थांबून मोठ्याने म्हणाला, म्हणजे मला ऐकू आलं, "भाच्याशी भांडलात का?" भांडले असते तर बरं होतं, पत्र तरी आलं असतं.

तुझ्या मनात असेल ते मीच लिहिते. होय, मला मार्चपासून माहीत होतं. तुझ्या पत्रात 'जरासा मंद' एवढे दोन शब्द आले तेव्हाच. मोकळ्या पिनेजवळ माणूस आला की आसपासच्या विजेची गुणगुण त्याच्या अंगातून तिच्यावर जाते. ती सेकंदाला पन्नास वेळा हो-नाही, हो-नाही करते, आणि आपल्याला तो दिवा मंद दिसतो. सरांनी तुला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं ते यासाठी. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

तेव्हाच का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू मला सरांच्या शेजारी उभं करून दोघांना एकदम शिव्या दिल्या असत्यास. मला वाटलं, लिफ्टच्या कार्डावर हात नेलास की तुझं तुलाच कळेल. तिथे माझा अंदाज चुकला. चिठ्ठी मात्र मला माहीत नव्हती. ती वाचून मी खुर्चीत बसून राहिले. परीक्षेत दुसऱ्याला चिठ्ठी देणं म्हणजे स्वतःचा पेपर पणाला लावणं. त्या मुलीने तो एका पिनेसाठी लावला.

पंधरा तारखेला चौदा दिवस उरले आहेत. जा असं मी म्हणणार नाही. माझं काम खोड कुठे आहे ते सांगायचं, कार्ड बसवायचं नाही.

आत्या


१८ जुलै

आत्या,

उशीर झाला. मे महिनाभर मी तुझ्यावर चिडलो होतो, जूनमध्ये स्वतःवर. स्वतःवर चिडायची सवय नाही, त्याला जास्त दिवस लागले. तुझं सहा मेचं पत्र मी चुरगळून फेकलं होतं. मग उचलून सपाट केलं. आता ते चिठ्ठीशेजारी पाकिटात आहे, तेव्हा घराण्याबद्दलचं तुझं म्हणणं खरं.

झालं ते क्रमाने सांगतो.

अकरा तारखेला सकाळी लॅबमध्ये गेलो. सर आयसीच्या वाकड्या पिना पक्कडीने सरळ करत बसले होते. मला पाहून त्यांनी समोरचा ब्रेडबोर्ड उचलला आणि मागच्या शेल्फवर ठेवला.

मी म्हणालो, "फेकणार नाही."

"सवय लागली," ते म्हणाले. "काय हवंय?"

"बहुमताचं सर्किट परत लावायचंय."

"आणि सही?"

"आधी सर्किट."

त्यांनी बोर्ड दिला, आयसी दिल्या. तीन पायांच्याच. दोन पायांच्या अजून आलेल्या नाहीत. मी आधी कागदावर चौदा पिना काढल्या आणि प्रत्येकीपुढे ती कुठे जाते ते लिहिलं. सर्किटला एक तास लागला, मागच्या वेळेच्या दुप्पट. तारा काटकोनात वळवायचा प्रयत्न केला, जमला नाही. पाचला लाल तार लावली आणि ती दोनदा ओढून पाहिली.

सर आठही ओळी तपासायला उठले. चौथ्या ओळीला दिवा लागला. त्यांनी काही म्हणायच्या आधी मीच बाजूला झालो. मग दारापर्यंत गेलो. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन काचेतून पाहिलं. दिवा तसाच होता, पूर्ण.

परत आत आलो तर ते म्हणाले, "आता कळलं, तेव्हा बाजूला हो का म्हणालो?"

"मोकळी पिन शोधायला."

"शोधायला नाही, ती मला दिसत होती. तुला दाखवायला. एक मार्क जाणार होता तुझा." मग पुन्हा म्हणाले, "एक." आणि चष्मा काढून पुसला. "हा नवीन आहे. आधीचा तुझ्या बोर्डाखाली गेला."

आत्या, मला हे माहीत नव्हतं. मी बोर्ड खाली टाकला असं तुला लिहिलं होतं. टाकला नव्हता, भिरकावला होता, आणि कुठे लागला ते बघायला थांबलो नव्हतो. मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते लक्षात नाही. फार नव्हते.

सही झाल्यावर मी चिठ्ठी दाखवली. तिला त्रास होणार नसेल तरच, असं आधी कबूल करून घेतलं. त्यांनी ती हातातही घेतली नाही. म्हणाले, "मी पाहिली होती. त्याच वेळी. नियमाने दोघांनाही उठवायला हवं होतं. पण ती सरकवून निघून गेली, आणि तू वाचून इतका हसलास की मला वाटलं, चला, पोराला चूक समजली. म्हटलं, सुधारतो का बघू. वीस मिनिटं दिली तुला. तू घड्याळाकडे काय बघत होतास?"

मी फॉर्मची घडी घातली. काही प्रश्नांना तूही उत्तर देत नाहीस.

फॉर्म चौदा तारखेला दिला. डब्याखाली कागद नसल्यामुळे बाबांना चुकल्यासारखं होतंय. मी आता तिच्या एक वर्ष मागे आहे. तेरा नंबर माझ्या शेजारी असणार नाही, नवीन यादीत माझा रोल नंबर एकेचाळीस आहे. लिफ्टचं काम सुट्टीच्या दिवशी चालू ठेवतोय. काका म्हणाले, "ये. बटण एकदा दाबायला शिकलास की पगार वाढवू."

तिला मी सही झाली त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली. शेवटच्या वर्षाच्या जर्नलांचं कपाट लॅबबाहेर आहे, तिथे तिच्या जर्नलात ठेवली. सकाळी अकराला, सगळ्यांसमोर. "पाच बांधली. उशीर झाला, माफ कर." 'ला' कुठेही लागत नाही ना, ते दोनदा तपासलं.

आज आठवा दिवस. उत्तर नाही.

मागच्या वेळी उत्तर नव्हतं तेव्हा मी त्याचा एका संध्याकाळी शून्य, म्हणजे 'नाही', केला होता, आणि त्याआधी चिठ्ठीचा वीस मिनिटं एक, म्हणजे 'हो'. दोन्ही माझ्याच हाताची करामत होती. या वेळी ती तार मोकळी ठेवलेली नाही. शून्याला बांधली आहे, पण थेट नाही, मध्ये रेझिस्टन्स घालून, लिफ्टमध्ये असतो तसा. म्हणजे मी जवळ गेलो काय नि लांब राहिलो काय, दिवा उगाच लागणार नाही. आणि पलीकडून कोणी बटण दाबलंच, तर 'एक' हा 'एक' म्हणूनच वाचला जाईल.

हे बरोबर बांधलंय का, तेवढं कळव.

तुझा
फ्यूज

ता. क. चौथ्या मजल्याची लिफ्ट आता बोलावल्याशिवाय थांबत नाही. तिथे एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. परवा भेटल्या तर तक्रार करत होत्या. म्हणाल्या, "आधी न बोलावता यायची, दार उघडायची, जरा थांबायची. तेच बरं होतं."